ढोल ऐकू येतो, भाव ऐकू येत नाही

मुंबईच्या फोर्ट भागातला काळा घोडा ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळाच. गंमत अशी, की ज्या पुतळ्यावरून हे नाव पडले तो राजपुत्र एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीच तिथून हलवला गेला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन बसला. पुढची पन्नास वर्षे लोक घोडा नसलेल्या चौकाला काळा घोडा म्हणत राहिले. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, पण स्वाराशिवाय. जहांगीर कलादालन तिथे १९५२ पासून आहे. त्याच्या कुशीतले 'समोवार' हे उपाहारगृह १९६४ साली सुरू झाले आणि २०१५ साली बंद पडले. चित्र पाहायचे, समोवारमध्ये चहा घ्यायचा, ऱ्हिदम हाऊसमध्ये जाऊन गाणी चाळायची, हा कित्येक पिढ्यांचा शनिवार-रविवारचा परिपाठ होता. २०१६ साली ऱ्हिदम हाऊसही मिटले. तरी १९९९ पासून भरणाऱ्या कला महोत्सवाला गर्दी होतेच.

अशा वस्तीचे वर्णन करणे सोपे असते. इथे हे पाहा, तिथे ते खा, अमुक दुकानातून तमुक घ्या. वर्णन वाचून माणसे जातात, हिंडतात, खातात आणि घरी येतात. कला भिंतीवर, अन्न ताटात आणि दुकान रस्त्याच्या कडेला. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी असतात. पण महाराष्ट्राच्या अगदी वायव्येच्या कोपऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक परिसर असा आहे की जिथे या तिन्हींच्या जागा वेगळ्या करताच येत नाहीत. तो म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला लागून असलेले लोणखेडा आणि त्याच्या भोवतालचे बाजार. तिथे कला अंगावर घालून येते, ढोल होऊन खांद्यावर येते, टोपलीत बसून येते. तिला कलादालन नाही, तिकीट नाही आणि सूचीपत्रही नाही. म्हणूनच तिच्याकडे पाहण्याची आपली रीत तपासून घेण्याची गरज आहे.

गोमाईकाठचा शेजार

शहाद्यावरून वाहणारी गोमाई पुढे प्रकाशे येथे तापीला मिळते. प्रकाशे म्हणजे खानदेशाची दक्षिण काशी. केदारेश्वराच्या दर्शनाला जाणारा भाविक ज्या मातीवर पाऊल ठेवतो तिच्याखाली ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली आहे. बा. कृ. थापर यांनी १९५५ साली तिथे उत्खनन केले होते. म्हणजे या संगमाच्या आसपास मडकी घडवणारी, ती रंगवणारी आणि धान्य साठवणारी माणसे हजारो वर्षांपासून राहत आली आहेत. आजच्या बाजाराला एवढी जुनी पाठराखण आहे.

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. पण आकडा एकजिनसी वाटतो, माणसे तशी नाहीत. डोंगरातून उतरणारा पावरा वेगळा, सपाटीवरचा भिल वेगळा. नवापूरकडचा मावची आणखी वेगळा. प्रत्येकाची बोली स्वतंत्र. त्यांच्या शेजारी गुजरी बोलणारे गुजर शेतकरी, अहिराणी बोलणारे खानदेशी, मारवाडी दुकानदार, मुसलमान कारागीर आणि व्यापारी. पूर्वेला थोडे गेले की मध्य प्रदेशातले खेतिया, पश्चिमेला गुजरात. "काय भाव शे?" हा प्रश्न एका तोंडातून निघतो आणि त्याचे उत्तर दुसऱ्याच बोलीत येते, तरी व्यवहार अडत नाही. भाषातज्ज्ञांनी इथे एक आठवडे बाजार नुसता कान देऊन ऐकावा. वर्षभराचे काम मिळेल.

लोणखेडा हे या सगळ्यात तसे नव्या वळणाचे गाव. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये इथे आहेत. तालुक्यात पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. ऊस, केळी आणि पपई यांनी या पट्ट्यात पैसा आणला. शिक्षणसंस्थांनी डोंगरातली आणि सपाटीवरची पोरे एका बाकावर आणली. धडगावच्या पाड्यावरून आलेला विद्यार्थी आणि गुजर बागायतदाराचा मुलगा एकाच टपरीवर चहा पितात, ही गोष्ट आज कुणाला बातमी वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी ती नक्कीच बातमी झाली असती.

कारण या शेजाराला एक दुखरी बाजूही आहे. याच शहादा तालुक्यात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भिल शेतमजुरांनी हातून गेलेल्या जमिनींसाठी आणि मजुरीसाठी लढा उभारला. अंबरसिंग महाराज त्याचे अग्रणी. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ साली या चळवळीवर दीर्घ निबंध लिहिला आणि 'शहादा' हे नाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाले. नंतर सरदार सरोवर आले. महाराष्ट्रातली ३३ गावे त्याच्या बुडिताखाली गेली आणि नर्मदाकाठची कित्येक कुटुंबे तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत येऊन राहिली. नदी, जंगल आणि आंब्याची झाडे मागे राहिली. ज्या वस्तू अंगणातून किंवा रानातून येत होत्या त्या आता बाजारातून आणाव्या लागतात. इथल्या बाजारातली रंगांची दाटी पाहताना हे लक्षात ठेवले पाहिजे, की काही रंग हौसेने आलेले आहेत आणि काही नाइलाजाने.

ताट आणि टोपली

खानदेशात कुणी गेले की पहिला आग्रह होतो शेवभाजीचा. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात तिखट जाड शेव आणि सोबत भाकरी. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय यजमानाचे समाधान होत नाही. थंडीत वांग्याचे भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी लांबोळी वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि जोडीला कळण्याची भाकरी किंवा पुरी. ज्वारीत उडीद घालून दळलेला हा कळणा ज्याने एकदा खाल्ला त्याला नुसत्या ज्वारीची भाकरी पुढे काही दिवस अळणी लागते. लग्नकार्यात वरण-बट्टी. सणाला खापरावरची पुरणपोळी. ती मनगटावर झेलत मोठी करणाऱ्या बाईचे हात पाहणे हाच एक सोहळा असतो. उन्हाळ्यात गच्च्यांवर ज्वारीचे बिबडे वाळत घातलेले दिसतात. खेतियाच्या वाटेने माळव्याचे पोहे-जिलेबी आले, सुरतेच्या वाटेने गाठ्या-फाफडा आला आणि दोघेही इथे घरचेच होऊन गेले.

या सगळ्या तिखटाचे मूळ नंदुरबारच्या मिरचीत आहे. हंगामात नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या जागांवर ओल्या लाल मिरच्या पसरतात. त्यांना 'पथारी' म्हणतात. दूरवर पाहावे तर जमीन पेटल्यासारखी दिसते. छायाचित्रकारांचे ते आवडते दृश्य आहे. त्या लाल चौकटीत एका कोपऱ्यात बायका बसलेल्या असतात आणि मिरचीची देठे खुडत असतात. त्यांच्या बोटांची आग संध्याकाळी घरी गेल्यावरही थांबत नाही, तान्ह्या पोराला त्या हातांनी घ्यायचे कसे हा त्यांचा रोजचा प्रश्न असतो. तो छायाचित्रात येत नाही. अवकाळी पावसाची एक सर आली तर व्यापाऱ्याचे लाखोंचे नुकसान होते हे खरे. ते वर्तमानपत्रात येते, यायलाही हवे. पण त्याच सरीने देठ खुडणाऱ्या बाईचा रोजगारही बुडतो, हे सहसा छापून येत नाही.

आता टोपलीकडे वळू. उन्हाळ्याच्या तोंडाशी धडगाव भागात घरोघर कैऱ्या सोलून, कापून वाळत घातल्या जातात. खडकावर, छपरावर, जिथे ऊन असेल तिथे. हे आमचूर. चार-सहा दिवस कडक ऊन मिळाले तर फोडी पांढऱ्या राहतात आणि भाव मिळतो. मधेच ढग आले तर त्या काळवंडतात आणि भाव पडतो. डोंगरभर राखलेल्या, कुणीही कलम न केलेल्या गावठी आंब्यांचे हे पीक आहे. मुंबई-पुण्याच्या चाटवाल्याच्या मसाल्यात जो आंबटपणा असतो त्यातला काही या खडकांवर वाळलेला असतो. खाणाऱ्याला चव ठाऊक असते, गाव ठाऊक नसते.

आमचुरासोबत चारोळी येते, डिंक येतो, मोहाची फुले येतात. पूर्वी आदिवासी मुलखात मिठाच्या मापाला चारोळीचे माप देण्याची रीत होती. मीठ समुद्राचे, चारोळी रानाची; दोन्ही पांढरी-करडी दिसली म्हणून मापाला माप. आज तो व्यवहार तितका उघडा राहिलेला नाही. पण टोपली घेऊन बसलेल्या बाईने सांगितलेला भाव ऐकताच "इतके?" असे म्हणणारे आपण मिठाच्या त्या व्यापाऱ्याचे दूरचे नातलगच आहोत. तीच चारोळी शहरातल्या मिठाईच्या दुकानात काचेच्या बरणीतून घेताना आपला आवाज एवढा चढत नाही.

आणि एक गंमत पाहा. या परिसरातल्या खाणावळीत शेवभाजी मिळते, पनीर मिळते, चायनीज नावाचे काहीतरी मिळते. मात्र डोंगरातल्या माणसाचे रोजचे जेवण, म्हणजे मक्याची जाड भाकरी, उडदाची डाळ आणि अंबाडीची भाजी, हे ताटात मागून मिळणे कठीण. जिथे दहात सात माणसे आदिवासी आहेत त्या जिल्ह्यात आदिवासींचे अन्न खाणावळीच्या फळ्यावर नसावे, हे फार बोलके आहे. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. शहरांत नाचणीची बिस्किटे आणि बाजरीचे पिझ्झे आले. ज्या घरांत भरडधान्याची जुनी वाणे पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, त्या घरांतली पोरे मात्र शाळेच्या डब्यात भाकरी लपवून खातात. ही लाज त्यांना कुणी शिकवली? दुर्दैवाने, ती शिकवायला कुणाला काही बोलावेही लागले नाही. आपल्या फळ्यांनी आणि जाहिरातींनी ते काम परस्पर केले.

होळीआधीचा बाजार

या परिसराचे खरे वैभव पाहायचे तर होळीच्या आधीचा आठवडा गाठावा. त्या दिवसांतल्या आठवडे बाजारांना भोंगऱ्या म्हणतात. पलीकडे मध्य प्रदेशात तेच भगोरिया होते. डोंगरातले पाडेच्या पाडे बाजाराला उतरतात. गूळ, दाळ्या, फुटाणे, खजूर, नारळ, साखरेचे हार-कंगन, रंग, नवे कपडे, घुंगरू यांची खरेदी होते. गावोगावचे ढोल येतात. ते ढोल आकाराने एवढे मोठे असतात, की वाजवणाऱ्याचा अर्धा देह त्यामागे झाकून जातो. बासऱ्या वाजतात. बायकांच्या गळ्यात हासळी, हातापायांत चांदीची कडी. किलोच्या मापात बोलावे असे दागिने. एकाच पाड्यातल्या मुली एकाच रंगाची वस्त्रे घालून येतात, म्हणजे गर्दीत कोण कुणाची हे दुरून ओळखू येते. रंगसंगतीचे धडे घ्यायला कलाशाळेच्या विद्यार्थ्याने इथे यावे.

मग येते होळी. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तर दूरदूर प्रसिद्ध आहे. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी भोपळे बांधून बावा-बुध्या रात्रभर नाचतात. पहाटे होळी पेटते. हे नाचणारे करमणुकीसाठी नाचत नाहीत. त्यांनी मानता मानलेली असते, त्यासाठी कडक नियम पाळलेले असतात. अनवाणी राहायचे, खाटेवर निजायचे नाही, घरच्यांपासून अंतर ठेवायचे. टोप आणि ठिपके हा त्या व्रताचा वेष आहे. त्याला 'वेषभूषा' म्हणणे म्हणजे वारकऱ्याच्या तुळशीमाळेला दागिना म्हणण्यासारखे आहे.

इथेच आपली, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची, पहिली मोठी चूक होते. वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांनी, पर्यटनाच्या पत्रकांनी आणि चित्रफितींनी भोंगऱ्याची ओळख 'प्रेमिकांचा बाजार', 'पळून जाऊन लग्न करण्याचा उत्सव' अशी करून दिली. आदिवासी संघटना आणि अभ्यासक यांनी याला वारंवार हरकत घेतली आहे. त्यांचे म्हणणे साधे आहे: हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. बाजारात तरुण-तरुणी भेटतात, जशी ती पंढरीच्या यात्रेत आणि पुण्याच्या गणपतीतही भेटतात. म्हणून गणेशोत्सवाला कुणी 'प्रेमिकांचा उत्सव' म्हणत नाही. मग भोंगऱ्यालाच का? कारण दुसऱ्याच्या लेकीबाळींबद्दल सैल बोलायला आपल्याला धीर लागत नाही, विशेषतः त्या लेकीबाळी आपले वर्तमानपत्र वाचणार नाहीत अशी आपली खात्री असते तेव्हा. आज ती खात्रीही उरलेली नाही. लोणखेड्याच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी ते वाचते, आणि पुढच्या होळीला बाजारात जाताना कॅमेरा दिसला की ओढणी तोंडावर घेते. एका बाजारातला मोकळेपणा बाहेरच्यांच्या एका शब्दाने असा आक्रसतो.

घोड्यांचेही तसेच. तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिच्यासोबत देशभरातले घोडे येतात. लगाम, खोगिरे, झुली, घुंगरांच्या माळा यांची दुकाने लागतात. अलीकडे सरकारच्या पर्यटन खात्याने त्याला 'चेतक महोत्सव' असे भारदस्त नाव दिले, तंबू उभारले, स्पर्धा घेतल्या. त्यामुळे ही यात्रा मुंबई-दिल्लीला कळली, हे चांगलेच झाले. मात्र महोत्सवाच्या प्रवेशद्वारावर जेवढा खर्च होतो, त्याच्या चौथा हिस्सा तरी यात्रेत दुकान मांडणाऱ्या कारागिराच्या सावलीवर, पाण्यावर आणि शौचालयावर व्हावा, अशी अपेक्षा केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. काळ्या घोड्याच्या चौकातून घोडा गेला तरी नाव टिकले. सारंगखेड्यात घोडे अजून आहेत. तिथे नुसते नाव उरण्याची वेळ येऊ नये.

मोहाचे काय करायचे?

खाण्याची आणि दुकानांची गोष्ट केली की पिण्याची करावीच लागते. सातपुड्यात तिचे नाव मोह. कुटुंबाच्या पुरवणीत दारूचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हा विषय टाळण्यानेच तो बिघडला आहे.

मोहाचे झाड हे आधी अन्नाचे झाड आहे. फुले वाळवून ठेवतात, भाजून खातात, भाकरीत घालतात, त्यांचे लाडू होतात. बियांचे तेल निघते. फुलांपासून दारू होते हेही खरेच, आणि ती देवाला चढते, पाहुण्याला दिली जाते, जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत लागते. इंग्रज सरकारला यात महसूल बुडताना दिसला. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदाच केला गेला. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत निर्बंध चालू राहिले. झाड आदिवासींचे, अंगण त्यांचे, फूल त्यांच्याच अंगणात पडलेले. पण ते ठरावीक मापापेक्षा जास्त साठवले तर गुन्हा. अखेर २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि विकणे यांवरचे निर्बंध सैल केले. शेजारच्या मध्य प्रदेशने तर मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देण्याचे धोरण आणले. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले होतेच. त्याच वाटेने मोहाने जावे, असे आता बोलले जाते.

ऐकायला हे छान वाटते. पण शहादा तालुक्यात बसून हे बोलताना इतिहासाकडे पाठ फिरवता येणार नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला याच तालुक्यातल्या आदिवासी बायका गावोगाव निघाल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. दारू पिऊन मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी चावडीवर जाब विचारला. महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास लिहायचा तर या मडक्यांच्या आवाजाशिवाय तो पुरा होत नाही. त्या बायकांना आपल्या देवांचा नैवेद्य ठाऊक नव्हता असे थोडेच? मोह त्यांच्याही घरातला होता. पण मजुरीचा पैसा गुत्त्यात जात होता, आणि गुत्त्याचा मालक बहुधा मजुरीही कमी देणाऱ्यांपैकीच होता. देवापुढची वाटी आणि गुत्त्यावरचा ग्लास यांतला फरक त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होता.

म्हणून मोहाबद्दल माझे मत असे. फूल मोकळे झाले ते योग्यच झाले. ते पन्नास वर्षे आधी व्हायला हवे होते. लाडू, सरबत, मुरंबा, तेल यांचे उद्योग बायकांच्या बचत गटांच्या हाती उभे राहावेत, त्यांना यंत्र आणि बाजारपेठ मिळावी. दारूला मानांकन मिळावे की नाही, तिचे कारखाने निघावेत की नाही, हे मुंबईतल्या मद्यरसिकांनी किंवा महसूल खात्याने ठरवू नये. ज्यांच्या घरात मडकी फुटली होती त्या गावांच्या ग्रामसभांनी, आणि त्यातही बायकांनी, ते ठरवावे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजावर आणि मादक पेयांबाबत अधिकार देणारा 'पेसा' कायदा १९९६ पासून पुस्तकात आहे. तो वाचण्याची तसदी घेतली म्हणजे झाले. वारसा म्हणून बाटलीवर आदिवासी नर्तकाचे चित्र छापायचे, नफा दूरच्या शहरात न्यायचा आणि गुत्ता मात्र पाड्यावर ठेवायचा, असे होणार असेल तर त्या वारशाला बायकांनी पुन्हा एकदा काठी दाखवावी.

रसिकाचे काम

यावर एक आक्षेप येईल, आणि तो व्यापाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, डोंगरात गाडी आम्ही नेतो, रोख पैसा आम्ही मोजतो, काळे पडलेले आमचूर आमच्या गळ्यात पडते, उधारी आमची बुडते. भाव का पाडतो, असे विचारणाऱ्याने एक हंगाम हा धंदा करून पाहावा. या म्हणण्यात तथ्य आहे. व्यापारी नसता तर आमचूर डोंगरातच राहिले असते. पण धोका दोघांचा असेल तर माहितीही दोघांची असायला हवी. आज मुंबईत, इंदुरात, सुरतेत काय भाव चालू आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. टोपलीवालीला बहुधा समोरचा माणूस सांगेल तोच भाव. बाजाराच्या दाराशी एक खात्रीचा सरकारी काटा आणि रोजच्या भावाचा फळा, तोही पावरी-भिलीत मोठ्याने वाचून दाखवण्याच्या सोयीसह, एवढे केले तरी प्रामाणिक व्यापाऱ्याचे काही बिघडणार नाही. बिघडलेच तर दुसऱ्या प्रकारच्या व्यापाऱ्याचे बिघडेल.

दुसरे काम खाणावळवाल्यांचे आणि शिक्षणसंस्थांचे. लोणखेड्यासारख्या ठिकाणी, जिथे शेकडो मुले बाहेरून येऊन शिकतात, तिथल्या उपाहारगृहात आठवड्यातून एक दिवस तरी मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि अंबाडी शिजावी. उपकार म्हणून नको. शेवभाजीच्या शेजारी, तिच्याच दराने, फळ्यावर नाव लिहून. शेजाऱ्याच्या ताटातले खाल्ल्याशिवाय शेजार पुरा होत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्या सणाला पलीकडच्या घरी वाटी पाठवत आणि ती वाटी कधी रिकामी परत येत नसे.

तिसरे काम आपले, सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब बाहेर पडणाऱ्यांचे. वारली चित्रकलेचे उदाहरण आपल्यासमोर आहे. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांचे नाव जगभर गेले. पण त्याच वारली आकृत्या पडद्यांवर, कपांवर, उशांच्या अभ्ऱ्यांवर कारखान्यात छापल्या जातात, तेव्हा पालघरच्या पाड्यावर काय पोचते? सातपुड्याच्या बाबतीत हे होण्याआधी सावध होता येईल. तोरणमाळला निघालात, प्रकाशाला दर्शनाला गेलात, सारंगखेड्याला घोडे पाहायला गेलात, तर वाटेत शहादा-लोणखेड्याच्या बाजारात दोन तास थांबा. मुलांना सोबत घ्या. फोटो काढण्याआधी विचारा. नाही म्हटले तर हसून पुढे व्हा. आमचूर घ्या, चारोळी घ्या, बांबूची टोपली घ्या, बासरी घ्या. कुणी विणले, कुठल्या गावचे, किती दिवस लागले, हे विचारा आणि मुलांना ते ऐकू द्या. आणि सांगितलेला भाव एकदा तरी, घासाघीस न करता, देऊन पाहा. मॉलमधल्या चिकटवलेल्या किमतीपुढे आपण जसे निमूट असतो तसे.

हे सारे करून सातपुड्याचे दारिद्र्य हटेल, असा माझा दावा नाही. जमिनीचे, पाण्याचे, कुपोषणाचे, स्थलांतराचे प्रश्न टोपलीच्या खरेदीने सुटत नसतात. त्यासाठी सरकार आणि चळवळी दोन्ही लागतात. पण बाजार ही रोज भरणारी शाळा आहे. माणसाची किंमत आपण किती करतो हे आपल्या मुलांना पुस्तकातून कमी आणि भाजीवालीशी आपण कसे बोलतो यातून जास्त कळते. दहा रुपयांसाठी आवाज चढवणारा बाप घरी आल्यावर आदिवासी संस्कृतीच्या समृद्धीवर निबंध लिहून देऊ लागला, तर पोरगे निबंध विसरेल आणि आवाज लक्षात ठेवेल.

होळी जवळ आली की ढोल डोंगरातून खाली येतात. त्यांचा आवाज लोणखेड्याच्या घरांपर्यंत, महाविद्यालयाच्या वर्गांपर्यंत पोचतो आणि सगळे कौतुकाने कान देतात. तो ढोल वाजवणारा सकाळी त्याच बाजारात आमचुराचे गाठोडे घेऊन उभा होता, हळू आवाजात भाव सांगत होता. तेव्हाही कुणी तितक्याच आपुलकीने कान द्यायला हवा होता.